ई-क्लासवरची धावपट्टी: माळ न खरवडता आखायची कशी, आणि पोरींना तिच्यावर तयार करायचं कसं

पोलीस भरतीची चाहूल लागली की विदर्भातल्या गावागावांतल्या पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर रनिंग मारायला निघतात. रस्ता कडक आणि जोडे पातळ, त्यामुळे दीड-दोन महिन्यांत नडग्या धरतात. मग गावातलं कुणीतरी पुढाकार घेतं, ‘ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या सरकारी पडीक-चराईच्या जमिनीवर, ग्राउंडच करून टाकू.’ जेसीबी येतो. दोन तासांत पळसाचे बुडखे, बोरीची झुडपं आणि गवताचे ठोंब कडेला ढीग होऊन पडतात. जमीन गुळगुळीत दिसते, फोटो निघतात. पहिल्या दोन जोरदार पावसांत वरची सैल माती नाल्याला लागते आणि खालचे गोटे उघडे पडतात. दुसऱ्या वर्षी तिथे गाजरगवत कमरेला लागतं आणि पोरी परत डांबरी रस्त्यावर येतात.

यात जमिनीचं जे होतं तेच पोरींचंही होतं, आणि चूक एकच असते: चिवट आहे म्हणजे कितीही झेपेल, हे गृहीत धरणं. पळस बुडातून तोडला तरी मुळातून फुटतो, गवत जळलं तरी पहिल्या पावसात हिरवं होतं, म्हणून आपण दरवर्षी तोडतो, दरवर्षी जाळतो. पोरगी दिवसभर कापूस वेचून दुसऱ्या पहाटे मैदानावर हजर असते, म्हणून आपण तिला आणखी दोन राऊंड सांगतो. दोघांनाही सावरायला वेळ लागतो. तो वेळ हिशोबात धरून काम कसं करायचं, ते इथे सांगितलं आहे.

आधी सातबारा, मग टेप

जागा डोळ्यांत भरली तरी पहिलं काम तलाठ्याकडे. सातबारा काढून जमिनीची नोंद काय आहे ते वाचा. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, पुष्कळ पडीक दिसणाऱ्या जमिनी ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या आहेत. या जमिनी वनजमिनीच समजायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. अशी नोंद असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय तिथे फावडंही लावू नका, दुसरी जागा बघा.

ई-क्लास किंवा गायरान असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहा: बांधकाम नाही, कुंपण नाही, झाडतोड नाही, ढोरांची चराई सुरू राहील. गायरानाला वर्षानुवर्षं अतिक्रमणाची कीड लागलेली आहे. ‘ग्राउंड’ म्हणून सपाट केलेली जागा चार वर्षांत कुणाच्या तरी खळ्याची होते. खुंट्या, फक्की (रेषा मारायची पांढरी पूड) आणि गवत एवढंच असलेल्या जागेवर हक्क सांगणं अवघड जातं. गुराख्यांशी आधी बोला. सकाळी सातपर्यंत पट्टी पोरींची आणि त्यानंतर ढोरांची, एवढं ठरलं की भांडण होत नाही.

जागा दोनदा बघावी, एकदा मे महिन्यात आणि एकदा श्रावणात. मेमध्ये काळ्या जमिनीत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊल अडकून घोटा मुरगळतो. श्रावणात तीच जमीन जोड्याला शेर-शेर चिखल चिकटवते. म्हणून बरड, मुरमाड जमीन पट्टीला चांगली. ती पिकाला कामाची नाही म्हणून लोक तिला वाया गेलेली म्हणतात, पण तिच्यावर कुसळ, मारवेल, शेडा ही गवतं उभी असतात आणि माती धरून ठेवतात.

किती जागा लागते

चारशे मीटरची पूर्ण धावपट्टी बहुतेक गावांत बसत नाही आणि तिची गरजही नाही. दोनशे मीटरची पट्टी पुरते, ८०० मीटरला चार राऊंड होतात आणि हिशोबही सोपा राहतो.

माप असं: दोन सरळ बाजू ४० मीटरच्या, दोन टोकांना अर्धवर्तुळं. आतल्या रेषेची त्रिज्या १८.९० मीटर. धावणारी रेषेला चिकटून धावत नाही, म्हणून कडा नसलेल्या पट्टीवर अंतर रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात. म्हणजे प्रत्यक्ष धावेची त्रिज्या १९.१० मीटर आणि एक राऊंड २०० मीटर. एक लेन १.२२ मीटर रुंद.

चार लेन काढल्या तर बाहेरची मोजणी साधारण ८८ बाय ४८ मीटर होते. कडेला थोडी मोकळी जागा धरली तर ४७ गुंठे लागतात. आमचं मत विचाराल तर दोनच लेन काढा. दोन लेनची पट्टी अडीच मीटर रुंद असते आणि तिचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम पाच गुंठे. जेसीबी ४७ गुंठे खरवडतो, काम असतं पाच गुंठ्यांचं. मधलं गवत, झाडं, वारुळं सगळं जागेवर राहतं आणि आठ-दहा पोरींचा सराव त्यात मजेत होतो. शंभर मीटरसाठी एक सरळ बाजू दोन्ही टोकांनी वाढवून घ्या, पुढे थांबायला वीस मीटर सोडून. तेवढी लांबी नसेल तर ते काम पांदणीवर उरकतं.

मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या भागात दुसरा पर्याय आहे तो पाळीचा, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाचा. पाळ मऊ असते, सावली असते, चढ-उतार मिळतो. मात्र सरळ धावता यावं म्हणून पाळीवरची झाडं तोडू नका आणि घाणेरीखालची माती छाटू नका. त्या मुळांनीच पाळ धरून ठेवलेली असते.

आखणी

लागणारं सामान: ३० किंवा ५० मीटरची स्टील टेप, न ताणणारी बारीक तार, दोन लोखंडी सळया दीड-दोन फुटांच्या, पंधरा-वीस लाकडी खुंट्या, फक्की. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणली जाते. त्रिज्येत दहा सेंटिमीटरची चूक झाली तर एका राऊंडला ६३ सेंटिमीटरचा फरक पडतो, आठशेला अडीच मीटरचा. म्हणजे अर्ध्या सेकंदाची खोटी वेळ वहीत चढते आणि पोरगी भरतीच्या दिवशी कोड्यात पडते.

झाडं न हलवता पट्टी कुठे बसते, ते आधी पावलांनी चालून बघा. पट्टी उत्तर-दक्षिण असली तर सकाळचं ऊन डोळ्यांत येत नाही, हे खरं. पण त्यासाठी मोहाचं किंवा हिवराचं झाड जाणार असेल तर पट्टी तिरपी घ्या. झाड मधल्या भागात आलं तर उत्तमच, तिथेच पाण्याचं मडकं आणि बसायची जागा होते. पट्टी झाडाच्या घेराखालून जात असेल तर तिथे खणू नका, फक्त झाडून घ्या. खाद्यमुळं वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात.

आता दोन सळया ४० मीटर अंतरावर ठोका. हे दोन केंद्रबिंदू. प्रत्येक सळईपाशी जोडरेषेला काटकोन काढा. गवंडी काढतात तसाच, पण ३-४-५ फुटांऐवजी ६-८-१० मीटर घ्या, चूक कमी होते. काटकोनावर दोन्ही बाजूंना १८.९० मीटरवर खुंट्या ठोका. चार खुंट्या झाल्या की कर्ण मोजा, दोन्ही कर्ण ५५.०४ मीटर आले पाहिजेत. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका, काटकोन परत काढा. मग सळईला तार अडकवून अर्धवर्तुळं फिरवा. दुसऱ्या लेनसाठी तार २०.१२ मीटर, बाहेरच्या रेषेसाठी २१.३४.

दुसऱ्या लेनमधून पूर्ण राऊंड धावायचा असेल तर सुरुवात ७.६७ मीटर पुढे द्यावी लागते. हे न दिल्याने बाहेरची पोरगी रोज हरते आणि आपण तिला ‘जोर लाव’ म्हणत राहतो.

सळया शेवटी जमिनीच्या बरोबरीत पुरा आणि वर चपटा दगड ठेवा. ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. पावसाळ्यात रेषा पुसल्या गेल्या, गवत वाढलं, तरी दोन केंद्रं जागेवर असली की दोन माणसं सकाळभरात पट्टी पुन्हा आखतात.

गोळ्याची जागा पट्टीच्या बाहेर, पाठीमागे माणसं उभी राहणार नाहीत अशी. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर. क्षेत्राच्या रेषा काढायची सोपी रीत: वर्तुळाच्या केंद्रातून दहा-दहा मीटरच्या दोन रेषा अशा काढा की त्यांच्या टोकांमधलं अंतर बरोबर सहा मीटर येईल. महिलांचा गोळा चार किलोचा.

पृष्ठभाग

काम दिवाळीनंतर काढा. तोवर गवताचं बी गळून पडलेलं असतं आणि जमिनीत थोडी ओल असते. कुसळ पिकल्यावर तिच्यातून चालून बघा. बियाची टोकदार सुई पायमोज्यात शिरते आणि तिचं पीळदार लांब शेपूट घामाने ओलं झालं की पीळ सुटायला लागतो, त्या फिरण्याने सुई आत-आत जाते. ही करामत जमिनीत रुजण्यासाठी आहे, पण चार राऊंडनंतर पोरींचे घोटे रक्ताळतात. म्हणून फक्त पट्टीवरचं आणि कडेचं हातभर गवत विळ्याने कापा, चार बोटं उंच ठेवून. मधलं गवत राहू द्या.

दगड वेचताना तो पलीकडच्या बाजूने उघडा. म्हणजे पलीकडची कडा जमिनीवर टेकलेली ठेवून आपल्याकडची उचलू नका, तर आपल्याकडची कडा टेकवून पलीकडची उचला. विंचू असला तर तो पलीकडे जातो, हातावर येत नाही.

नांगर घालू नका. बैलांच्या वखराने एक उथळ पाळी दिली की पट्टीवरचं तण निघतं आणि खालची घट्ट माती तशीच राहते. खड्डे भरायला दोन घमेली चाळलेला मुरूम आणि एक घमेलं काळी माती मिसळा. नुसती काळी माती भेगाळते, नुसता मुरूम उधळतो. मुरूम टेकडी खोदून आणायचा नाही. तो गौण खनिज आहे, तहसीलच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि टेकडीची जखम भरत नाही. प्रत्येक गावात विहीर खोदल्याचा मलबा कुठे ना कुठे पडलेला असतो. शेतमालकाला विचारून तोच चाळून घ्या. पाणी शिंपडून, वर बैलांची फळी फिरवून, वजनदार रूळ मारला की झालं. चढ-उतार बघायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. थोडा उतार असला तर असू द्या. राऊंड पूर्ण होतो तेव्हा चढलेलं उतरून येतं आणि पाणीही साचत नाही.

पट्टीवर किंवा कडेला पळसाचा तोडलेला बुडखा असेल तर हिवाळ्याच्या शेवटी त्याच्याकडे बघा. दहा-बारा फुटवे आलेले असतात. त्यातला सरळ, जोमदार एक ठेवून बाकीचे छाटा. सगळी मुळं एका खोडाला पोसतात आणि झुडपाचं झाड होऊ लागतं. रोप लावून पाणी घालण्यापेक्षा हे काम हजारपट सोपं, कारण मूळ आधीच खोल गेलेलं आहे.

गाजरगवत फुलोऱ्यावर येण्याआधी, ओल असताना, मुळासकट उपटा. हातात पिशव्या किंवा मोजे हवेत. त्याने अंगावर पुरळ उठतं, काहींना दमा होतो, आणि धावताना श्वास खोल जातो तेव्हा त्रास दुप्पट. तरोटा मात्र कोवळा असतानाच खुडून घरी न्या, भाजी होते.

पावसाळ्यात एकच नियम: पट्टीवर टाच दाबून बघा. अर्ध्या इंचापेक्षा खोल खूण उमटली तर त्या दिवशी पट्टी बंद. ओल्या मातीत उमटलेली पावलं वाळून दगडासारखी होतात आणि पुढच्या आठवड्यात घोटे मुरगळतात.

आग

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवा पाला चांगला यावा म्हणून जंगल पेटवतात, धुरे पेटवतात. एकदा जळल्याने पळस मरत नाही, हे लोकांना माहीत असतं. पण दरवर्षी जळणारा पळस दहा वर्षांनीही गुडघ्याएवढाच राहतो, आणि मोहाचं रोप तर हाताएवढं होण्याआधीच संपतं. आज मोहफुलं देणारी झाडं म्हातारी आहेत आणि त्यांच्या जागी येणारं कुणी खाली नाही, ते यामुळे.

तुमची पट्टी इथे उपयोगाची ठरते. अडीच मीटरची उघडी माती मधल्या गवताभोवती कडं करते आणि शांत वाऱ्याची आग तिच्यापाशी थांबते. फेब्रुवारीत पट्टीवरचा पाला झाडून मध्ये टाका, बाहेर नको. जोराचा वारा असेल तर ही पट्टीही पुरत नाही, तेव्हा आग दिसताच वनरक्षकाला फोन. मोहाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली की पाला पेटवायची गरजच पडत नाही, हे वेचणाऱ्या बायांशी बोलून पटवता येतं.

पोरीची तपासणी, पहिल्या राऊंडआधी

दोन रक्ततपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन आणि सिकलसेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती पोरगी आळशी नाही, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायला माणसंच कमी आहेत. तिला आणखी पळवून ते वाढत नाही. लोहाची गोळी सुरू झाल्यावर फरक जाणवायला काही आठवडे जातात. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात, विशेषतः पूर्व भागात, पुष्कळ घरांत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. रिपोर्टमध्ये ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कसलीही दमवणारी धाव नाही, आणि लोहाची गोळीही त्यांना विचारूनच. ‘एएस’, म्हणजे वाहक असेल तर पोरगी धावू शकते, भरती होऊ शकते. फक्त सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जीव तोडून धावणं, उन्हात धावणं, पाणी न पिता धावणं तिच्यासाठी धोक्याचं आहे. धावता धावता मांड्या अचानक ढिल्या पडल्या, असं ती म्हणाली तर तिथेच थांबवा. ‘अजून एकच राऊंड’ हा शब्द तिच्यासाठी वापरू नका.

मासिक पाळीबद्दल मोकळेपणाने विचारणारी एक बाई मैदानावर हवी, आशाताई किंवा गावातली कुणी ताई. पाळीत धावायला हरकत नाही, दुखत असेल तर हलकं करा. सराव वाढल्यावर तीन महिने पाळी आलीच नाही, तर ते कष्टाचं बक्षीस समजू नका. पोटात अन्न कमी पडतंय, हाडं कमजोर होण्याची ती सुरुवात असते. खाणं वाढवा, सराव घटवा, डॉक्टरांना दाखवा.

बारा आठवडे

महाराष्ट्र पोलीस भरतीत महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. खालचं नियोजन ८०० मीटरभोवती आहे.

पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस. एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. हळूहळू सलग वीस मिनिटांपर्यंत. वेग असा की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. इथे सगळ्यात जास्त पोरी बिघडतात, कारण जिद्दीच्या पोरीला हळू धावणं अपमान वाटतो. श्वास लवकर सुधारतो, पण नडगीचं हाड आणि स्नायूबंध महिने घेतात. अंगात जोर आलेला असतो आणि पाय अजून कच्चे असतात, त्याच फटीत दुखापत होते.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात दर आठवड्याला पाच दिवस. एक दिवस २०० मीटर सहा वेळा, प्रत्येकी ४२-४३ सेकंदांत, मध्ये अडीच मिनिटं चालत विसावा. एक दिवस तलावाच्या पाळीवर किंवा चढावर साठ मीटरच्या आठ धावा. एक दिवस तीस मिनिटं सावकाश. दोन दिवस हलकं धावणं आणि गोळा. सावकाश धावायच्या दिवशी पट्टीवर उलट दिशेने फिरा. दोनशेच्या पट्टीची वळणं आवळ असतात, रोज डावीकडेच वळल्याने एकाच पायावर भार येतो.

नववा ते अकरावा आठवडा: ४०० मीटर तीन वेळा, ८५ सेकंदांत, मध्ये पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी ६०० आणि पाच मिनिटांनी २००. बारावा आठवडा निम्मा. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात सगळं एक तृतीयांश कमी करा, पोरगी कितीही ‘मला जमतंय’ म्हणाली तरी.

आठशेची वाटणी, लक्ष्य २ मिनिटं ५० सेकंद असेल तर: ४१, ४३, ४३.५, ४२.५. पहिला राऊंड ३६-३७ मध्ये काढणारी पोरगी तिसऱ्या राऊंडला उभी राहते आणि ते पाच-सहा सेकंद दहा करून परत देते. घड्याळ घेऊन पहिल्या राऊंडला ओरडून वेळ सांगा. आठ-दहा सरावांत अंदाज अंगात मुरतो.

सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नियोजन बदला. आठ तास वाकून वेचणं, पाठीवर ओझं, वर पाण्याच्या गुंड्या. हा सगळा सरावच आहे असं समजून वहीत लिहा. त्या दिवशी धावायचं ते फक्त पंधरा मिनिटं, किंवा नाहीच. घरच्यांना सांगताना ‘तिला काम सांगू नका’ म्हणू नका, ते होणार नाही. ‘धावण्याचे तीन दिवस सकाळचं पाणी दुसऱ्या कुणी भरावं’ असं मोजकं मागा. साताऱ्यातल्या माणसारख्या दुष्काळी तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणलं. अशी नावं घरी सांगून बघा. बापाला आकड्यापेक्षा ‘तीही आपल्यासारख्याच घरची’ हे लवकर कळतं.

रोज सकाळी तीन प्रश्न: झोप किती झाली, लघवीचा रंग गडद होता का, कुठे दुखतंय ते बोटाने दाखव. बोटाने एकच ठिकाण दाखवलं आणि तिथे दाबल्यावर कळ आली, तर हाडाची शंका धरा, धावणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. तळव्याने सगळी नडगी चोळून दाखवली तर भार कमी करून भागतं. जिद्दीची पोरगी हमखास लपवते. ती लंगडते का, ते मैदानावर नाही, घरी परत जाताना मागून बघा.

खाणं घरचंच पुरतं, प्रमाण मात्र वाढवावं लागतं. धावून आल्यावर अर्ध्या तासात मूठभर भिजवलेले चणे, गुळाचा खडा, जमलं तर दोन अंडी. जेवणात भाकरीसोबत घट्ट वरण, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी. पंचेचाळीस किलोच्या पोरीला दिवसाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि एका अंड्यात सहाच असतात. नुसत्या पातळ वरणावर ती धावणार नाही.

जोडे संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. अनवाणी सराव झालेल्या पोरीला नवे जोडे भरतीच्या आदल्या दिवशी देऊ नका, किमान तीन-चार आठवडे आधी.

ऊन आणि जनावर

एप्रिलपासून पारा ४५ कडे सरकतो तेव्हा सात वाजेपर्यंत सगळं आटोपलं पाहिजे. पण अंधारात निघणंही चालत नाही. मोह गळायच्या दिवसांत अस्वल पहाटे झाडाखाली असतं, चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघ-बिबट्याची भीती वेगळीच. हाताच्या रेषा स्पष्ट दिसू लागल्या की सुरुवात करा, चौघी-पाचजणी मिळून, आणि झुडपापासून लांबच्या बाजूने. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वेगाची धाव नकोच, चालणं आणि व्यायाम पुरे. शहरात वसतिगृहात राहून परत आलेल्या पोरीला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस द्या.

एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मडक्यावरच खडूने लिहून ठेवा. मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी अपाय होतो. धावताना पोरगी असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या गेल्या, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आडवी करा, अंगावर पाणी ओता, ओल्या ओढणीने वारा घाला. आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

टिटवी

मार्चनंतर एखाद्या सकाळी पट्टीवर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर थांबा आणि पायाखाली बघा. तिचं घरटं म्हणजे मुरमातला उथळ खळगा, कडेला बारीक खडे, मध्ये चार अंडी, टोकं आत वळवलेली. रंग मुरमाचाच, काळे ठिपके. दोन फुटांवरूनही दिसत नाहीत, आणि जोड्याखाली सहज जातात.

हात लावू नका, हलवू नका. दोन-दोन पावलांवर चारी बाजूंना पांढरे दगड ठेवा. घरटं सरळ बाजूवर असेल तर पोरींना तेवढ्यापुरतं दुसऱ्या लेनने काढा, वळणावर असेल तर दोन्ही लेन आतल्या गवताच्या कडेने थोड्या वाकवा आणि ते दिवस घड्याळाचे सराव सरळ बाजूवर घ्या. उन्हाचे दिवस असतील तर सकाळी सहानंतर त्या बाजूला रेंगाळू नका. टिटवी उठून राहिली की अंडी तापतात. साधारण महिनाभरात पिल्लं निघतात आणि लगेच चालायला लागतात, घरट्यात बसत नाहीत. खळगा रिकामा दिसला की आणखी दोन दिवस जाऊ द्या, मग दगड उचला, केंद्राच्या सळईवरचा चपटा दगड बाजूला करा आणि तार लावून रेषा पुन्हा जुन्या जागी मारा.